थोडंच राहिलंय!

माद्रिदमध्ये रात्रीचं जेवण दहाच्या आधी उरकलं तर घरात कुणी आजारी आहे की काय, अशी शंका येते. अशा शहरातली धडधाकट माणसं रविवारी सकाळी सातला घट्ट चड्ड्या चढवून उत्तरेकडच्या डोंगराची वाट धरतात, तेव्हा त्यामागे काही तरी मोठं कारण असणार असं परक्या माणसाला वाटतं. कारण एवढंच असतं, की शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर ग्वादाररामाची डोंगररांग आहे, तिच्या अंगावर पाइनचं दाट जंगल आहे आणि त्या जंगलातून वर जाणारे उत्तम डांबरी घाट आहेत. एक घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, दुसरा चढायचा. कुठे पोचायचं असतं असं नाही. बऱ्याच जणांची मोटार जिथून सुरुवात केली तिथेच उभी असते.

नावासेर्रादा, कोतोस, मोर्कुएरा, कानेन्सिया, नावाफ्रिया. यातली किती नावं एका दमात आणि एका दिवसात घेतली, यावर या मंडळींची आपापसातली प्रतिष्ठा ठरते. नावासेर्रादाची खिंड 1858 मीटरवर आहे. म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर तिच्या दोनशे मीटर खालीच राहतं. हा आकडा ऐकवला की समोरचा माणूस गप्प होतो. माद्रिद शहरच मुळात साडेसहाशे मीटरवर बसलेलं आहे, ही माहिती मात्र सायकलवाले विचारल्याशिवाय देत नाहीत, आणि विचारलं तरी जरा उशिराच देतात.

घाट घाटच असतो, हे न चढलेल्या माणसाचं मत झालं. उघड्या डोंगरावरचा घाट आणि जंगलातला घाट यांचे स्वभाव अगदी वेगळे. मायोर्का बेटावरचा सा कालोब्राचा रस्ता पाहावा. 1930च्या दशकात आंतोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरने तो आखला. साडेनऊ किलोमीटरचा रस्ता, सव्वीस चक्री वळणं, आणि एके ठिकाणी तर रस्ता टायच्या गाठीसारखा फिरून स्वतःच्याच पोटाखालून जातो. पण झाडं विरळ, खडक उघडा. वर उभं राहिलं की खालचा सगळा हिशेब समोर मांडलेला दिसतो. हा रस्ता समुद्रापाशी जाऊन संपतो. म्हणजे सायकलवाला आधी मजेत खाली उतरतो, मग तेवढंच सगळं चढून परत येतो. कर्ज आधी आणि हप्ते नंतर, असा हा सरळ व्यवहार आहे. फसवणूक झाली असं कुणालाच म्हणता येत नाही.

जंगलातल्या घाटाचं तसं नाही. वर नजर टाकली तर झाडं, खाली पाहिलं तर झाडं, आणि मधे वीस पावलांवर एक वळण. त्या वळणापलीकडे चढ संपला असेल, असं प्रत्येक वळणाला वाटतं. सेगोव्हियाच्या बाजूने नावासेर्रादा चढताना वालसाईनचं जंगल लागतं. तिथल्या पाइनचे बुंधे खाली करडे आणि वर शेंदरी, ऊन पडलं की सगळं रान आतून पेटल्यासारखं दिसतं. फार सुंदर जागा आहे, असं मोटारीतून गेलेले लोक सांगतात. याच जंगलात ‘सिएते रेव्हुएल्तास’ नावाची सात वळणं आहेत. सात म्हणजे सातच, सरकारी नकाशातसुद्धा. तरीही सायकलवर बसलेल्या माणसाला सातव्या वळणानंतर आठवं भेटतं. ते खरं पाहता साधं वाकण असतं, वळणांच्या मोजणीत येत नाही. पण मांड्यांना कोण सांगणार?

या घाटांवर भेटणारं प्रत्येक माणूस सायकलवाल्याला एकच माहिती देतं: थोडंच राहिलंय. शरद ऋतूत पिशव्या-टोपल्या घेऊन अळंबी शोधायला आलेली जोडपी हेच सांगतात. कुत्र्याला फिरवणाऱ्या बाईही हेच सांगतात. सह्याद्रीत वाट विचारल्यावर गावकरी ‘हे काय, टेकाडाच्या पल्याडच की’ म्हणतो, तसलाच हा प्रकार. त्यात खोटेपणा नसतो, निव्वळ माणुसकी असते, आणि म्हणूनच ते अंतर कधीही किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

घाटाच्या पायथ्याशी गावात किंवा रस्त्याच्या कडेला दगडी झरा असतो. तिथे बाटली भरायला थांबावं, तर पुढे हमखास एक आजोबा असतात. त्यांची मोटार डिकी उघडून उभी, डिकीत प्लास्टिकचे आठ-आठ लिटरचे कॅन, आणि धार करंगळीएवढी. शेजारी नगरपालिकेची पाटी असते की या पाण्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. कागदोपत्री हा धोक्याचा इशारा आहे. आजोबा तीच पाटी जाहिरात म्हणून वाचतात. घरच्या नळाच्या क्लोरीनला कंटाळूनच ते इथवर आलेले असतात. तिसरा कॅन भरत आला की ते मागे वळून पाहतात, सायकलवाल्याची अवस्था न्याहाळतात आणि म्हणतात, ‘‘भर तू आधी, पोरा. आणि घाबरू नकोस, वर थोडंच राहिलंय.’’ हा पोरगा बँकेतून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेला, अठ्ठावन्न वर्षांचा. घाट अजून सुरू व्हायचा असतो.

रस्ते खात्याने या भाबड्या माहितीवर उपाय म्हणून खास सायकलवाल्यांसाठी पाट्या लावल्या आहेत. स्पेनमधल्या अनेक प्रसिद्ध घाटांवर दर किलोमीटरला एक पाटी भेटते: माथा किती दूर, आत्ताची उंची किती, आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती टक्के. गोची आहे ती ‘सरासरी’ या शब्दात. पुढचा किलोमीटर सहा टक्के आहे असं वाचून माणूस हुशारतो. मग चारशे मीटर सपाट जातात, नव्हे, किंचित उतारच लागतो. उरलेल्या सहाशे मीटरमध्ये रस्ता मागची सगळी थकबाकी दहाहून जास्त टक्क्यांनी वसूल करतो. पाटी खोटी ठरत नाही, आणि ज्याला तक्रार करायची असते त्याच्याजवळ श्वास उरलेला नसतो.

हँडलवरच्या छोट्या संगणकात आता घाटाचा अख्खा आलेख दिसतो, उरलेले मीटर उलटे मोजले जातात. त्याने सुख वाढलं असं दिसत नाही. पूर्वी माणूस पुढच्या वळणाकडे आशेने पाहायचा, आता पडद्याकडे खजील होऊन पाहतो. त्यात चढाचा आकडा जरा मागे रेंगाळतो. माणूस भिंतीसारख्या चढावर असताना पडदा चार टक्के दाखवतो आणि सपाटीवर आल्यावर अकरा. सायकलवाले अर्थातच त्यातला सोयीचा आकडा सोमवारी ऑफिसात सांगतात.

पुढचं न दिसण्याची सगळ्यांत जबर किंमत याच डोंगरात मोजली गेली, ती 1985 साली. स्पेनची मोठी शर्यत, व्हुएल्ता, संपत आली होती. पुढे फक्त एक औपचारिक दिवस. अग्रस्थानी होते ग्लासगोचे रॉबर्ट मिलर, ज्या आज फिलिपा यॉर्क या नावाने ओळखल्या जातात. दुसऱ्या क्रमांकावरचा कोलंबियाचा पाचो रोद्रिगेस अवघ्या दहा सेकंदांनी मागे होता. तेव्हा त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, एवढंच काम होतं. पेद्रो देल्गादो नावाचा सेगोव्हियाचा तरुण सहा मिनिटांहूनही जास्त मागे होता. त्याच्याकडे कोण पाहतंय?

त्या दिवशी मार्गात मोर्कुएरा, कोतोस आणि लेओनेस असे तीन घाट होते. हवा खराब, पाऊस, धुकं, थंडी. मधेच यॉर्क यांच्या सायकलचं चाक पंक्चर झालं. ते बदलून, जीव खाऊन त्यांनी पुढच्या मंडळींना गाठलं. रोद्रिगेस तिथेच होता. झालं, जिंकली शर्यत! काहींनी त्यांचं अभिनंदनही करून टाकलं, असं सांगतात. देल्गादो त्या घोळक्यात नव्हता, कारण तो केव्हाच पुढे सटकला होता. ही त्याच्या घरची वाट, इथलं वळण न् वळण त्याला पाठ. होसे रेसिओ नावाचा आणखी एक स्पॅनिश गडी त्याला जोडीला मिळाला. झाडी, धुकं आणि वळणं यांच्याआड हे दोघे मिनिटामागून मिनिट कमावत गेले. तेव्हा स्पर्धकांच्या कानात वायरलेस नव्हता. संघाची मोटार शेजारी येऊन ओरडून सांगेल तेवढीच बातमी, आणि ती यायला फार उशीर झाला. अंगावर अग्रस्थानाची जर्सी असलेल्या माणसालाच कळलं नाही, की शर्यत दुसऱ्याच कुणाची झाली आहे. देल्गादोने व्हुएल्ता 36 सेकंदांनी जिंकली.

आजूबाजूच्या स्पॅनिश संघांनी संगनमत केलं का, यावर आजही तावातावाने वाद होतात. यॉर्क यांच्या संघातली मंडळी म्हणे रेल्वे फाटकात अडकली आणि गाडी काही आलीच नाही, असाही एक किस्सा आहे. तो जितक्या वेळा सांगितला जातो तितकं ते फाटक जास्त वेळ बंद राहतं. त्या दिवशी शेवटची रेषा कुठे आखली होती, हे मात्र पक्कं ठाऊक आहे: सेगोव्हियाजवळच्या व्हिस्कीच्या कारखान्यापाशी. स्कॉटलंडच्या माणसाला हरवायला याहून खवचट जागा आयोजकांना ठरवूनही सापडली नसती.

हाच देल्गादो 1988 साली टूर द फ्रान्स जिंकला, आणि पुढच्या वर्षी त्याच टूरच्या पहिल्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर 2 मिनिटं 40 सेकंद उशिरा पोचला. गतविजेता नाहीसा झालाय म्हणून सगळे शोधताहेत आणि हा आपला इकडे-तिकडे सायकल फिरवत अंग गरम करतोय. जंगलात दुसऱ्यांना चुकवणं जमणाऱ्या माणसाने भर शहरात स्वतःलाच चुकवलं.

पण सगळं दिसत असलं की भागतं, असंही या डोंगराने कधी कबूल केलेलं नाही. 2015च्या व्हुएल्तात नेदरलँड्सचा टॉम ड्युमुलाँ अग्रस्थानाची लाल जर्सी घालून इथे आला. शेवटून दुसरा दिवस, फाबिओ आरूवर सहा सेकंदांची आघाडी. कानात वायरलेस, डोक्यावर हेलिकॉप्टर. मोर्कुएराच्या दुसऱ्या चढाईत तो मोजक्या सेकंदांनी मागे पडला. पुढचे दिसत होते, अंतर कळत होतं, काय करायला हवं तेही कळत होतं. फक्त ते होत नव्हतं. पाइनच्या जंगलातल्या त्या थोड्या सेकंदांची संध्याकाळपर्यंत मिनिटं झाली आणि पहिला होता तो एकदम सहावा झाला. अज्ञानात हरणं बरं की ज्ञानात, हा प्रश्न कोतोसच्या माथ्यावर कॉफी पिताना लोक अजून चघळतात.

यॉर्क यांच्या त्या जुन्या आडनावाचं आणि स्पेनच्या डोंगरांचं काही तरी वाकडं असावं. 2002च्या व्हुएल्तात डेव्हिड मिलर नावाचा दुसरा एक स्कॉटिश स्पर्धक, नात्यातला कुणी नव्हे, अस्तुरियासमधल्या आंग्लिरूला आला. हा तर साडेबारा किलोमीटरचा, काही ठिकाणी तेवीस टक्क्यांहून जास्त चढाचा रस्ता, मुळात गुरांची पायवाट. पाऊस असा, की ओल्या चढावर मोटारी अडकून पडल्या. घसरून, पडून, भिजून मिलर कसाबसा वर आला, शेवटच्या रेषेच्या जेमतेम मीटरभर अलीकडे थांबला, पाठीवरचा क्रमांक काढून दिला आणि रेषा ओलांडायला ठाम नकार दिला. सगळा डोंगर चढून झाल्यावर केलेला हा सत्याग्रह. चढायच्या आधी तो करता आला असता, पण मग त्यात गंमत काय?

माथ्यावर पोचलेल्या माणसाची खरी परीक्षा उतारावर असते, कारण घामाने भिजलेल्या छातीवर जंगलातला गार वारा बसतो. यावर जुना आणि अजूनही चालणारा इलाज म्हणजे वर्तमानपत्र. माथ्यावर कुणी तरी अंक घेऊन उभा असतो. तो जर्सीत छातीशी सारायचा आणि सुटायचं. व्हुएल्ताचा जन्मच मुळी 1935 साली वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून झाला. माद्रिदच्या ‘इन्फॉर्मासियोनेस’ या दैनिकाने पन्नास स्पर्धक जमवून ती भरवली, आणि एक बेल्जियन, गुस्ताफ देलूर, ती जिंकून गेला. वर्तमानपत्रांनी सायकलस्वारांच्या छातीत अभिमान जागवला असं भाषणात म्हणतात. उरलेला कागद तिथेच थंडी अडवायला होता.

उताराचं भय मोठ्यामोठ्यांना सुटलेलं नाही. टूर जिंकणारा पहिला स्पॅनियार्ड, ‘तोलेदोचा गरुड’ फेदेरिको बाहामोन्तेस, 1954 साली फ्रान्समधल्या एका माथ्यावर सगळ्यांच्या आधी पोचला आणि चक्क आइस्क्रीम खात थांबला. चाकाच्या तारा तुटल्या होत्या म्हणून, असं तो म्हणायचा. एकट्याने उतरायची भीती होती म्हणून, असं बाकीचे म्हणायचे. दोन्ही बाजू आइस्क्रीमबद्दल सहमत होत्या.

हिवाळा सरता सरता या पाइनच्या जंगलात आणखी एक घोळका रस्त्यावर उतरतो. झाडांच्या शेंड्यांवर पांढऱ्या जाळ्यांची घरटी करून राहिलेले सुरवंट जमिनीत कोश करायला खाली येतात आणि एकामागून एक, पुढच्याच्या शेपटाला तोंड लावून, लांबच लांब ओळीत चालू लागतात. त्यांच्या केसांनी अंगाला आग होते, कुत्र्यांच्या तर जिवावर बेततं. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र याने असे सुरवंट एका कुंडीच्या काठावर गोल लावून दिले होते. ते सात दिवस फिरत राहिले. पुढारी कोण, कुठे चाललोय, हे विचारायची कुणालाच गरज भासली नाही. मोर्कुएराच्या रस्त्यावर ही ओळ रस्ता ओलांडत असते आणि तिच्याकाठी सायकलींची ओळ पाय टेकून उभी असते. दोन्ही ओळींतल्या बहुतेकांना पुढच्याचा मागचा भागच तेवढा दिसत आलेला असतो.

स्पॅनिश कायद्यानेही ही सुरवंटी वृत्ती मान्य केली आहे. घोळक्यातली पहिली सायकल चौकात किंवा गोलाकार वाहतूक बेटात शिरली, की शेवटली बाहेर पडेपर्यंत मोटारींनी थांबायचं. ओलांडून जाताना निदान दीड मीटर अंतर सोडायचं. आणि नवल म्हणजे ड्रायव्हर मंडळी बऱ्याच अंशी तसं करतात. वळणामागून वळण गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत येते, हॉर्न वाजत नाही. मागे ट्रक असूनही हॉर्न वाजत नाही, या शांततेची सवय नसलेला माणूस दर मिनिटाला दचकून मागे पाहतो. हेल्मेटचा नियम करणारा अधिकारी तर स्वतः घाट चढलेला असणार. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं केलं, पण 2003च्या नियमावलीत अपवाद घातले तीन: वैद्यकीय कारण, पराकोटीची उष्णता, आणि लांबलचक चढ. रोगराई आणि चढ यांना एका वाक्यात बसवणारं सरकार विरळा.

एवढ्या त्रासाला माणसं कंटाळतील म्हणावं, तर पिरेनीजच्या पायथ्याशी साबिन्यानिगो गावात 1991पासून ‘केब्रांताउएसोस’ नावाची सामुदायिक सायकलफेरी निघते. सोंपोर्तच्या खिंडीतून फ्रान्समध्ये उतरायचं, तिथला मारी ब्लांक चढायचा, पोर्तालेतवरून परत स्पेनमध्ये यायचं. सुमारे दोनशे किलोमीटर आणि साडेतीन हजार मीटर चढ. नाव ठेवलंय दाढीवाल्या गिधाडाचं, जे हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि खातं. आयोजकांनी हेतू लपवलेला नाही. तरीही अर्ज इतके येत, की भाग घ्यायला अनेक वर्षं सोडत काढावी लागली. ज्याचं नाव लागत नसे, तो स्वतःला कमनशिबी समजे.

ग्वादाररामात परतलं, तर कोतोसवरून उतरणारी बरीचशी चाकं 1390 साली स्थापन झालेल्या एल पाउलारच्या मठावरून रास्काफ्रियात येऊन बारच्या खुर्च्यांवर विसावतात आणि तिथून मोर्कुएराच्या नावाने पुन्हा उठतात. जे नावासेर्रादाच्या पलीकडे सेगोव्हियाच्या बाजूला उतरतात, त्यांना ला ग्रांहा गाठतं. पाचव्या फिलिप राजाने बांधलेला राजवाडा तिथे आहे, कारंजी आहेत. सायकलवाले राजवाड्याची भिंत पाहतात ती सावलीसाठी. त्यांचं लक्ष असतं ते ‘हुदिओनेस’कडे: अंगठ्याएवढे पांढरे घेवड्याचे दाणे, डुकराचा कान आणि पाय, सुके सॉसेज, लसूण, तमालपत्र, आणि हे सगळं मंद आचेवर इतका वेळ शिजवलेलं की दाणा चमच्याकडे पाहूनच विरघळतो. खोलगट मातीच्या ताटलीत वाढतात. ही फक्त पहिली डिश असते. मेनूत दुसरी आहेच, वर गोड आहे, आणि वाइन किमतीतच धरलेली आहे.

पावणेचारला बिल येतं, तेव्हा मोटार डोंगराच्या पलीकडे असल्याची आठवण टेबलावर कुणाला तरी होते. मधे सिएते रेव्हुएल्तासची सातही वळणं आहेत, या वेळी चढणीची. सेगोव्हियाहून माद्रिदला अर्ध्या तासात पोचवणारी जलद रेल्वे आहे, पण तिच्यात सायकल आहे तशी घेत नाहीत, चाकं काढून पिशवीत भरावी लागते. पिशवी कुणीच आणलेली नसते. मग दोघे जण हॉटेलच्या स्वयंपाकघरात कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या मागायला जातात, एक जण बायकोला फोन लावून आधी हवापाण्याचं बोलू लागतो, आणि सकाळी सगळ्यांच्या पुढे असणारा गडी मालकाला हळूच विचारतो, की वर एखादी खोली मिळेल का.